चष्म्यावर वाफ आली की

इरा आणि कबीर, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, तुझ्या लहानपणी सुपरहिरो होते का?" मी "होता, एक होता" म्हटलं आणि तुम्ही दोघंही हसलात. तुमच्याकडे कोणीतरी खेळायला आलं होतं, माझ्याकडे कुकरची शिट्टी झाली होती, म्हणून विषय तिथेच राहिला. अर्धवट राहिलेलं काम मला चैन पडू देत नाही, हे तुमच्या आईला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा आता सगळं क्रमाने सांगते. तिने तुम्हाला वाचून दाखवावं, आणि मालवणी वाक्यांपाशी अडली तर मला फोन करावा. आमचा हिरो जपानी होता, त्याला चष्मा होता, आणि तो कपड्यांना इस्त्री करायचा.

आम्ही तेव्हा बहरीनला, मनामाच्या बाजारामागच्या एका गल्लीत राहत होतो. दुसरा मजला, बाबांच्या कंपनीने दिलेल्या दोन खोल्या, खाली खुबूसची, म्हणजे अरबी रोटीची, भट्टी. पहाटेच्या अजानबरोबर भट्टीवाला पहिली पोळी आतल्या भिंतीवर थापायचा आणि तो वास जिन्यावरून चढत आमच्या उशीपर्यंत यायचा. घरात खिडकीतला एसी जात्यासारखा घरघरायचा. त्याचं ठिबकणारं पाणी आई दुधाच्या पावडरच्या डब्यात धरायची आणि त्यावर तिने तुळस जगवली होती. "देवान पाणी दिला नाय, तर मशीन देता," असं म्हणायची. स्वयंपाक मात्र पुरा मालवणचा. तिथल्या बाजारात साफी नावाची लहान मासळी मिळायची, तिला काटे फार. आई तिचं तिरफळं घालून कालवण करायची आणि जेवताना कोणी बोललेलं तिला चालायचं नाही, कारण बोललं की काटा अडकतो. त्यामुळे आमच्या घरातली सगळी महत्त्वाची बोलणी हात धुतल्यावर व्हायची. अजूनही मासे असले की मी गप्प जेवते आणि तुमचे आजोबा विचारतात, "रागावलीस का?"

बाबा मआमीरजवळच्या एका कंपनीच्या यार्डात स्टोअरकीपर होते. पाइप, व्हॉल्व्ह, वॉशर, गॅस्केट. इतका भिडस्त माणूस मी पुन्हा पाहिला नाही. हॉटेलात चहा मागवला आणि कॉफी आली, तर बाबा कॉफी प्यायचे. न्हाव्याने एका बाजूचे केस जास्त कापले तर त्याला थँक्यू म्हणून यायचे आणि घरी आईकडून दुसरी बाजू सारखी करून घ्यायचे. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं की त्यांचे शब्द घशातच थांबत. ते स्वतः म्हणायचे, "तोंड दिसला की माझा तोंड बंद होता."

आमच्या वरच्या मजल्यावर हसनचाचा राहायचे. रत्नागिरीकडचे, उंच, पोट सुटलेले, आवाज समुद्रापलीकडे जाईल असा. एका कापडाच्या दुकानात होते आणि अरब गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून पांढरा पायघोळ तोब घालायचे. एकदा बहरीन सोडून निघालेल्या एका जपानी इंजिनियरकडून त्यांनी टीव्ही, व्हिडिओ आणि एक कॅसेट असं सगळं उचलून आणलं. त्यांच्या खोलीत जागा नव्हती आणि जुबेदाचाचीला टीव्ही पसंत नव्हता, म्हणून तो आमच्याकडे आला. बाजारात हिंदी सिनेमांच्या कॅसेटी मिळायच्या, पण त्या या जपानी यंत्रात घातल्या की पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा धावत. चालायची ती एकच. डब्यावरची अक्षरं जपानी, बोलणं जपानी. त्या मालिकेचं नाव काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही.

गोष्ट मात्र बघून समजत होती. अरुंद गल्लीत एक लाँड्री, तिथे इस्त्री करणारा एक मध्यमवयीन, खांदे पाडलेला माणूस. गिऱ्हाइकं त्याला ओरडायची, मालकीण ओरडायची, शेजारचं कुत्रंसुद्धा त्याच्यावरच भुंकायचं. तो सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा. पण इस्त्रीची वाफ त्याच्या चष्म्यावर चढली, काचा पांढऱ्या झाल्या, की तुतारी वाजायची. तो जागच्या जागी गिरकी घ्यायचा आणि मोहरीच्या रंगाच्या घट्ट कपड्यांत, डोक्यावर भाताच्या कुकरसारखा टोप घालून उभा राहायचा. मग शहरावर चालून आलेल्या राक्षसाकडे उडत जायचा. उडणंही धड नाही; विजेच्या तारांत अडकायचा, लोकांच्या वाळत घातलेल्या चादरी अंगावर घेऊन पुढे जायचा. राक्षस रबराचा, मोठ्या वांग्यासारखा. आणि मारामारीआधी आमचा हिरो त्याला कमरेत वाकून नमस्कार करायचा, राक्षसही तोवर थांबायचा. जिंकून परत यावं, तर इस्त्रीखाली शर्ट जळालेला असायचा आणि मालकीण पुन्हा ओरडायची.

पहिल्या शुक्रवारी आम्ही ती कॅसेट नुसतीच पाहिली. दुसऱ्या शुक्रवारी, जेवणानंतर, पडदे ओढलेले, सगळे चटईवर आडवे झालेले असताना बाबा अचानक बोलायला लागले. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलले आणि बाबांच्या तोंडून मालवणी बाहेर पडलं: "वांग्या, आदी नमस्कार घे. मागीर मार खा."

आम्ही उठूनच बसलो. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबा टीव्हीकडे तोंड करून बसले होते, कोणाचं तोंड त्यांना दिसत नव्हतं, आणि ते अस्खलित, तालात, हसू न येऊ देता बोलत होते. त्यांचे काका गावच्या दशावतारी मंडळात होते. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. वेष चढवायचा, रंगमंचावर जायचं आणि समोरचा राजा किंवा राक्षस काय बोलेल त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. बाबांनी लहानपणी त्या मंडळाचा पेटारा उचलला होता, वेष कधी चढवला नव्हता. ते सगळं बोलणं त्यांच्यात कुठेतरी साठून राहिलं असणार. हसनचाचांनी लगेच राक्षसाची बाजू घेतली. पुढचे किती शुक्रवार आमच्या खोलीत बिल्डिंग लोटली! एकच कॅसेट, पण दर शुक्रवारी गोष्ट नवी. एकदा राक्षस हिरोच्या बायकोचा मामा निघाला. एकदा सगळं भांडण फणसाच्या वाटणीवरून झालं. शेवटी हसनचाचा राक्षसाचं गडगडाटी हसू हसायचे आणि खालचा भट्टीवाला वर येऊन दारातून विचारायचा, "खैर? खैर?" म्हणजे सगळं ठीक आहे ना.

तुमची रेखाआजी तेव्हा सहा वर्षांची होती. तिचा एक पक्का समज झाला, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. बहरीनच्या उन्हाळ्यात हवा इतकी दमट असते की थंडगार एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा तत्क्षणी पांढऱ्या होतात. बाबा रोज सकाळी दार उघडून जिन्यात जायचे, काचा पांढऱ्या व्हायच्या, ते रुमालाने पुसायचे. रेखा दाराच्या फटीतून बघत असायची. "बाबा पुसतात म्हणून," ती मला गंभीरपणे सांगायची. "पुसलं नाही तर होतील."

त्याच उन्हाळ्यात एक दिवस बाबा घरी आले आणि जेवले, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही. हात धुतल्यावर आईने विचारलं, "काय झाला?"

"नवो मॅनेजर इलो हा."

"मग?"

"पुढच्या महिन्यापासून फॅमिली फ्लॅट बंद. सलमाबादेक रूम देतत. बॅचलर."

"आणि आमी?"

बाबा रुमाल घडी करत राहिले. "तुमी गावाक."

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. बोर्डाचं वर्ष, इंग्रजी शाळा, आणि गावी ज्या शाळेत मला बसवणार होते तिथे भूगोल कोणत्या भाषेत असतो हेही मला ठाऊक नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला शाळेचं तितकं वाटलं नाही. आम्ही बहरीनला येण्यापूर्वी बाबा काही वर्षं एकटे होते आणि सुट्टीत घरी आले की पाहुण्यासारखे वागायचे, पाणी हवं तरी विचारायचे, "मिळात काय?" रेखाने ते बाबा पाहिलेच नव्हते. मी पाहिले होते.

आई म्हणाली, "सायबाक सांगा, आमका ऱ्हवाक देवा म्हणान."

"बघूया," बाबा म्हणाले. आमच्या घरात "बघूया"चा अर्थ काय होतो हे सगळ्यांना माहीत होतं.

हसनचाचांना कळलं तेव्हा ते ताडताड जिना उतरून आले. "अनंतराव, टीव्हीपुढं तुमी वाघ आन् सायबापुढं कोंबडी? उठा. मी सायब. बोला मना."

बाबा उठले, चाचांकडे पाहिलं, खाली पाहिलं. "सर... एक छोटी रिक्वेस्ट..."

"सायब समजू नका हो! वांगी समजा, वांगी! चष्मा काढा तो!"

बाबांनी चष्मा काढला, आणि काय सांगू तुम्हाला. मॅनेजर दिल्लीकडचा, म्हणून तालीम हिंदीत होती. बाबांचं हिंदी व्याकरणाला घाबरत नसे. त्यांनी समोरच्या पांढऱ्या तोबला वाकून नमस्कार केला आणि जे बोलले ते ऐकायला आई हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. शेवटी चाचा राक्षसाचं हसू हसले आणि म्हणाले, "खलास! उद्या हेच बोला."

दुसऱ्या दिवशी बाबा घरी आले. "बोललास?" आईने विचारलं. साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या दिवशी साहेब फोनवर होते. त्यानंतर साहेबांना सर्दी झाली होती. रोज संध्याकाळी चाचा तोब सावरत खाली यायचे, रोज झकास तालीम व्हायची, तिच्यात नव्या शिव्या पडायच्या, आणि रोज दुसऱ्या दिवशी साहेबांना काहीतरी झालेलं असायचं. एकदा तर बाबा म्हणाले, "तसो माणूस वाईट नाय." त्या दिवशी आईने माळ्यावरून बॅगा खाली काढल्या. मग एका गुरुवारी सकाळी बाबा कामावर गेल्यावर तिने चांगली साडी नेसली, डबा भरला आणि वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारली, "हसनभाय, गाडी काढा. हे बोलनत नाय, तर मी बोलतंय."

आईचं हिंदी मासळीबाजारापुरतं. म्हणून दुभाषी म्हणून मी. मॅनेजर लोक इंग्रजीला दबतात असा माझा समज असल्याने मी वाटेत एक वाक्य तयार केलं होतं: "सर, माय मदर विशेस टु स्टेट दॅट..." त्याच्यापुढे काही सुचेना. चाचांच्या पिकअपच्या पुढच्या सीटवर आम्ही चौघं कोंबून बसलेलो, रेखा आईच्या मांडीवर, डबा माझ्या मांडीवर, आणि त्यातल्या कालवणाची धग मला अजून आठवते.

यार्डात पोचलो. बाबांची स्टोअरची केबिन अगदी समोर होती. रबराचा माल उष्णतेने चिरतो म्हणून तिथला एसी कायम पूर्ण थंडीवर. हसनचाचांनी गाडी लावली आणि "गेटवर नाव सांगून येतो" म्हणून मागे गेले. तेवढ्यात एक लांबलचक गाडी आत आली आणि आमच्या पिकअपशेजारी थांबली. तिच्यातून एक वयस्कर अरब गृहस्थ उतरले. पांढरा तोब, उंच, पोट सुटलेलं. हे कंपनीचे मालक. सगळे त्यांना अरबाब म्हणायचे. ते यार्डात क्वचितच येत. बायकामुलांनी भरलेली अनोळखी पिकअप पाहून ते तिच्यासमोर उभे राहिले आणि कंबरेवर हात ठेवून बघू लागले.

बाबांनी केबिनच्या छोट्या खिडकीतून काय पाहिलं ते त्यांनी नंतर शंभरदा सांगितलं. त्यांनी हसनचाचांची पिकअप पाहिली आणि तिच्यापुढे पांढऱ्या तोबची पाठ पाहिली. त्यांना वाटलं, आज मॅनेजरकडे जायच्या आधी शेवटची तालीम घ्यायला चाचा इथवर आले. त्यांना भरून आलं. ते दार उघडून उन्हात आले आणि चष्म्याच्या काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या.

"वाफ आली!" रेखा खिडकीतून किंचाळली. "बाबा, पुसू नका! पुसू नका!"

बाबांचा हात रुमालाकडे गेला होता, तो थांबला. ते त्या पांढऱ्या आकृतीसमोर येऊन कमरेत वाकले.

"ए बडे पेट के राक्षस! पहले हमारा नमस्कार लो. लिया? अब सुनो." आवाज असा की वेल्डिंग करणारे लोक काम थांबवून वळले. "तुम कागज पे लिखता है, फ्लॅट बंद. कागज को बच्चा है क्या? कागज को भूख लगता है क्या? इतना साल हमने तुम्हारा एक वॉशर इधर का उधर नहीं होने दिया. कभी कुछ मांगा? चाय बोला, तुमने कॉफी दिया, हमने कॉफी पिया! आज मांगता है. पैसा नहीं मांगता. शाम को हम घर जाएगा तो दरवाजा किसी ने अंदर से खोलना मंगता. अपने हाथ से कुलूप खोलके, अपने हाथ से बत्ती लगाके, अकेला डाल-चावल खाने का काम हमने बहुत किया. अब नहीं करेगा. तुमको जो करना है करो!"

पुन्हा नमस्कार. मग ते थांबले. मी दाराच्या कडीवर हात ठेवून बसले होते आणि माझ्या डोक्यात फक्त "सर, माय मदर विशेस टु स्टेट" फिरत होतं. आई पुटपुटली, "गेली. नोकरी गेली."

बाबा जरा वैतागून, हळू आवाजात म्हणाले, "हसा ना, हसनभाय. आता तुमचा हसणा."

गेटाकडून हसनचाचांचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा. तो माणूस इतक्या हळू बोललेला मी एवढा एकदाच ऐकला. "अनंतराव... मी हिकडं हाय."

अरबाब पुढे झाले. त्यांनी बाबांच्या नाकावरचा चष्मा काढला, डोक्यावरच्या रुमालाचं टोक घेऊन दोन्ही काचा सावकाश पुसल्या आणि चष्मा परत बाबांच्या नाकावर नीट बसवला. बाबांना आता सगळं दिसलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही.

"मैं बंबई में बड़ा हुआ," अरबाब म्हणाले. त्यांचं हिंदी बाबांपेक्षा बरं होतं. "वालिद का मोती का धंधा था. सब समझता है. राक्षस किसको बोला?"

बाबांचा हात पुन्हा रुमालाकडे गेला. तेव्हा आई पिकअपमधून उतरली, पदर खांद्यावरून घेतला आणि मासळीबाजाराच्या हिंदीत, बाबांची बाजू सावरायला म्हणाली, "साब, वो तुमको नहीं बोला. वो मॅनेजर को बोला."

मॅनेजर तेव्हा ऑफिसच्या पायरीवर येऊन उभाच होता.

अरबाबनी एकदा मॅनेजरकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मग ते हसले. हसनचाचा पुढे कबूल करायचे की राक्षसाचं हसू खरं तर ते. आपण आयुष्यभर नुसतीच नक्कल केली. पोट हलत होतं, रुमाल घसरत होता. वेल्डिंगवालेही हसायला लागले. हसू ओसरल्यावर त्यांनी मॅनेजरला जवळ बोलावून काही विचारलं. तो म्हणाला, फॅमिलीवाले थोडेच आहेत. अरबाब म्हणाले, "थोड़े हैं तो रहने दो. फॅमिली वाला फॅमिली के साथ. यल्ला, काम करो." दोन पावलं जाऊन ते पुन्हा वळले. "और तुम. आगे से कुछ मांगना है तो चष्मा साफ करके मांगना."

"जी," बाबा म्हणाले.

"इंशाल्ला बोलो."

"इंशाल्ला."

परतीच्या वाटेवर हसनचाचा गाडी चालवता चालवता डोळे पुसत होते आणि आई डबा द्यायचा राहिला म्हणून स्वतःवर चिडली होती. फक्त रेखा रुसली होती. मी तिला विचारलं, "काय झालं? बाबा झाले ना हिरो?" तर म्हणाली, "कपडे कुठे बदलले?" मोहरीच्या रंगाच्या कपड्यांशिवाय तिने तो प्रकार कधीच मान्य केला नाही. आजही करत नाही. तिला टोरांटोला फोन करून विचारा.

आता तुम्ही विचाराल, त्यानंतर बाबा बदलले का? नाही. मॅनेजरची बदली होईपर्यंत ते त्याला पाहून वाट बदलायचे, आणि न्हाव्याला थँक्यू म्हणणं शेवटपर्यंत सुटलं नाही. मला वाटतं, माणसाने आयुष्यात एवढं एकदा केलं तरी पुरे. पण माझं मत बाजूला ठेवते. त्या दिवसातलं एक सांगायचं राहिलंय.

संध्याकाळी बेल वाजली. कंपनीची बस बाबांना गल्लीच्या तोंडाशी सोडायची, आणि ते बेल वाजवायचे नाहीत. आई ओट्याशी असते, तिला कशाला उठवा, म्हणून स्वतःच्या किल्लीने हळूच आत यायचे. म्हणून आधी कोणी उठलंच नाही. बेल दुसऱ्यांदा वाजली. आई हात पुसत गेली आणि तिने दार उघडलं. बाबा पायपुसण्यावर उभे होते, किल्ली हातात.

"किल्ली चलणा नाय?" आईने विचारलं.

"चलता."

"मगे बेल कित्याक मारलास?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं. मग ती दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "येवा."

घरच्या माणसाला तसं म्हणत नाहीत. आमच्याकडे पाहुण्याचं स्वागत त्या शब्दाने करतात. बाबांनी किल्ली खिशात टाकली, जरासे वाकले आणि आत आले.